शोपँच्या खाली किक टाकली की रिंगटोन का होतो

प्रश्न विचारणारा मुलगा पुण्याचा, इंजिनिअरिंगला आहे, पियानोची आठवी ग्रेड झालीय. कॉलेजच्या फेस्टमध्ये त्याने शोपँ या संगीतकाराचा ई फ्लॅट मेजर नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या मूडचा संथ पीस, ऑपस ९ नंबर २, मिनिटाला १२० च्या हाऊस बीटवर, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या तालावर, वाजवला आणि मित्र म्हणाले मोबाइलची रिंगटोन वाटत होती. आता त्याला क्लासिकल पियानो, पॉप आणि इलेक्ट्रॉनिक स्टेजवर नीट एकत्र कसं करायचं ते हवंय, आणि काय काय विकत घ्यावं लागेल तेही.

विकत घ्यायचं शेवटी सांगते कारण तुझी अडचण ती नाहीच. अरे-तुरे करतेय, चालवून घे, माझी भाची तुझ्याएवढी आहे.

तुझे मित्र बरोबर बोलले. तो नॉक्टर्न १२/८ मध्ये आहे ना, म्हणजे एका बारमध्ये चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन क्वेव्हर, म्हणजे तीन बारीक ठोके, डावा हात शेवटपर्यंत बेस-कॉर्ड-कॉर्ड, बेस-कॉर्ड-कॉर्ड करत चालतो. शोपँने स्वतः क्वेव्हरला १३२ लिहिलंय, म्हणजे ठोका पडतो मिनिटाला ४४. तू १२० चा बीट बसवायला ठोका ६० वर नेला असणार आणि एकेका ठोक्याला दोन दोन किक, म्हणजे मोठ्या ड्रमचे धप्प आवाज, पडल्या असणार, वरून हाऊस लूपचे हाय-हॅट, म्हणजे झांजेची टिकटिक, सरळ चार-चारात. म्हणजे एक तर पीस पळवलास, दुसरं म्हणजे तुझा डावा हात तीन म्हणतोय आणि मशीन दोन आणि चार म्हणतंय, सबंध गाणंभर. तीनास दोन मुद्दाम केलं तर फार छान लागतं, पण चुकून झालं की ऐकणाऱ्याला फक्त काहीतरी खडखडतंय एवढंच कळतं. घरी एक प्रयोग कर, हॅट काढून टाक, किक फक्त ठोक्यावर ठेव आणि शेकरला तीन-तीन दे. अर्धी रिंगटोन तिथेच गेली बघ.

उरलेली अर्धी मात्र अवघड आहे. मी गेली पंचवीस वर्षं वाजवतेय, त्यातली पहिली दहा ऑर्केस्ट्रामध्ये कीबोर्डवर गेली, गणपती, कोजागिरी, लग्नं, सगळं, आणि नंतर स्वतःचा पियानो-लॅपटॉपचा सेट सुरू केला. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न पक्का झालाय, की स्टेजवर कोण कोणासाठी थांबतंय? क्लासिकल पियानो वाजवणारा माणूस सतत थांबत असतो, फ्रेजच्या टोकाला थोडं, बेसचा सूर उमलेपर्यंत थोडं, आणि तुझ्या परीक्षकांनी तुला मार्क दिले तेसुद्धा या थांबण्यालाच. मशीन थांबत नाही. मग होतं काय, की थांबायचं काम सोडून तू मशीनच्या मागे धावतोस आणि आठ वर्षं जे शिकलास ते नेमकं स्टेजवर घरी ठेवून येतोस. मिश्रण वगैरे नंतर, आधी मशीनला थांबायला शिकवायचं.

आता इथे एक गंमत आहे. शोपँच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय की त्याचा डावा हात तालाला पक्का असायचा आणि उजवा हात त्याच्यावर मागेपुढे तरंगायचा. आपण जो रुबातो, म्हणजे लय मागेपुढे करणं, शिकलो, दोन्ही हात मिळून ताणायचे आणि सोडायचे, तो वेगळा. मला हे वाचलं तेव्हा एकदम विलंबित ख्याल आठवला. तबलजी ठेका धरून बसलाय, गाणारा त्याच्यावर हवा तिकडे भटकतोय आणि समेला बरोबर हजर. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. तर तुझ्या कामाचा भाग हा, की पहिल्या जातीचा रुबातो मशीनवर चालतो आणि दुसऱ्या जातीचा चालत नाही. मशीनला तबलजी समज. उजवा हात मोकळा सोड, उशिरा ये, लवकर ये, पण डावा ठेक्यात ठेव आणि फ्रेजच्या शेवटी समेवर भेट. रियाज म्हणून मेट्रोनोम दोन बार चालू आणि दोन बार मुका असा लाव, मुक्या बारमध्ये उजव्या हाताला वाट्टेल ते करू दे आणि तिसऱ्या बारच्या एकला क्लिकवर उतरतोयस का बघ. मला हे जमायला चार महिने लागले आणि त्या काळात घरचे फार वैतागले होते.

म्हणून पीस निवडतानाच निम्मं काम होतं. बाखचा सी मेजर प्रिल्यूड, वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर या संग्रहाच्या पहिल्या भागातला, १७२२ चा, त्याला तर मशीनची अ‍ॅलर्जीच नाही, सगळा एकच पॅटर्न आणि दर बारला कॉर्ड बदलतो, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक सोडणारा अर्पेजिएटरच झाला की तो. गुनो या फ्रेंच संगीतकाराने १८५३ मध्ये त्याच्यावर एक चाल बसवलीच होती, आज आपण त्याला टॉपलाइन म्हटलं असतं. तेव्हा हे मिसळणं पाप आहे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की दीडशे वर्षांपेक्षा जुनं पाप आहे. आपल्याकडेही १९६१ च्या छाया मध्ये सलील चौधरींनी मोत्सार्टच्या ४० व्या सिम्फनीची सुरुवात घेऊन गाणं केलं, आणि मुंबईच्या स्टुडिओंत नोटेशन वाचणारे गोव्याचे वादक नसते तर हिंदी गाण्यांतली ती सगळी व्हायोलिनं आणि काउंटर मेलडी लिहिली आणि वाजवली कोणी असती? माझे पहिले सर त्यातलेच, गोव्यातल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, शिकून आलेले, सकाळी मला बाख शिकवायचे आणि दुपारी रेकॉर्डिंगला जायचे. त्यांना कधी फ्युजन हा शब्द वापरताना ऐकलं नाही. असो.

एक पीस जवळून दाखवते म्हणजे मी काय बोलतेय ते कळेल. शोपँच्या ऑपस २८ मधला चौथा प्रिल्यूड, ई मायनर, फक्त २५ बारचा. तुला येतच असेल, नसेल तर एका संध्याकाळी होईल. डावा हात सरळ क्वेव्हरमध्ये तेच कॉर्ड ठोकत राहतो आणि त्यातला एकेक सूर अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली घसरतो, कधी वरचा, कधी मधला, आणि उजवा हात बी-सी-बी-सी करत जवळजवळ जागच्या जागी. बघ, पल्स आधीपासूनच आहे. त्यात किक टाकणं म्हणजे भातावर भात वाढणं. मी काय करते, पहिले १२ बार मशीनकडून फक्त एक खालचा ई घेते, लांब ड्रोन, तानपुऱ्यासारखा, त्याला टेम्पोच नाही त्यामुळे मी हवं तितकं थांबू शकते. गंमत म्हणजे कॉर्ड घसरत जातात तसा तो ई मधेच खुपायला लागतो, मला ते खुपणं आवडतं, तुला नाही आवडलं तर सातव्या-आठव्या बारला हळूच काढून घे.

१२ व्या बारमध्ये डावा हात गप्प होतो, उजवा एकटाच उतरतो आणि १३ ला सगळं पुन्हा सुरू होतं. ही जी फट आहे तिथे मी मशीनला टेम्पो टॅप करून देते, फूटस्विचवर डाव्या पायाने चार वेळा, मला त्या दिवशी ज्या लयीत १३ वा बार हवाय त्या लयीत. थंड हॉल असेल तर लय वेगळी, जेवणं झालेलं पब्लिक असेल तर वेगळी. म्हणजे मशीन माझ्या मागे आलं, मी त्याच्या मागे गेले नाही. १३ पासून पल्स, पण फक्त वरचं, शेकर आणि एक मऊ टिक, आणि हळूहळू फिल्टर उघडत जायचा, म्हणजे दबलेला आवाज मोकळा होत जातो. लोकांना आता सवय आहे, असं वाढायला लागलं की ड्रॉप येणार, म्हणजे सगळा बीट एकदम कोसळणार. १६ व्या बारला शोपँने स्ट्रेटो, म्हणजे इथे घाई कर, असं लिहिलंय, तिथे पीस एकदाच काय तो उसळतो. तिथे मी सगळं बंद करते. मशीन शून्य, नुसता पियानो, आणि तो स्ट्रेटो मी दुसऱ्या जातीच्या रुबातोत वाजवते, दोन्ही हातांनी ताणून. ड्रॉपच्या जागी माणूस. हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोराने मोबाइल खाली ठेवला, त्याच्याहून मोठी दाद मला कधी मिळाली नाही. खरी किक मी पीस संपल्यावर आणते, पहिल्या चार बारचे डाव्या हाताचे कॉर्ड लूप करून, आणि तिथून पुढे मग पॉप गाणं, गायिका, नाच, सगळं.

शोपँचं पॉपमध्ये रूपांतर करताना फसण्याची अजून एक जागा असते ती कॉर्डची. पॉपला चार कॉर्डचं चक्र लागतं, आणि क्लासिकल हार्मनी कुठूनतरी निघून कुठेतरी जाते, परत येतेच असं नाही. तेव्हा अख्खा पीस लूपवर बसवायला जाऊ नकोस, जिथे दोन किंवा चार बार स्वतःकडेच परत येतात तेवढा तुकडा शोध. त्याच ऑपस २८ मधला विसावा प्रिल्यूड, सी मायनर, जेमतेम १३ बारचा आणि नुसते कॉर्ड, उगाच नाही अमेरिकन पॉप गायक बॅरी मॅनिलोने त्याच्यावर गाणं केलं.

आता आवाज. इथे बहुतेक क्लासिकलवाले हट्टाला पेटतात, मीही पेटले होते. डाव्या हाताचे खालचे ऑक्टेव्ह सोडावे लागतात. किक आणि सब-बेस, म्हणजे सिंथचा सगळ्यात खोल बेस, साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये बसतात, आणि पियानोचा सगळ्यात खालचा सूर साडेसत्तावीस हर्ट्झचा, म्हणजे तुझी खालची दीड-दोन सप्तकं थेट त्यांच्या घरात. एकट्या पियानोला तो बेस हवा, सब आला की तो चिखल होतो. मशीन वाजत असताना डावा हात मधल्या सी च्या आसपास वर घे, ऑक्टेव्हऐवजी एकच सूर, पाचवा स्वर गाळ आणि तिसरा ठेव. साऊंडवाल्या दादांना सांगून पियानोच्या चॅनेलला ८०-१०० हर्ट्झला लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, लाव, पण जिथे पियानो एकटा आहे तिथे तो कट काढायला सांगायला विसरू नकोस, नाहीतर पियानो डब्यातून आल्यासारखा लागतो. साइडचेनचा सोस मात्र नको. किक पडली की पियानो दबतो ती इफेक्ट सिंथ पॅडला शोभते, पियानोला लावली की वाजवणाऱ्याला उचकी लागल्यासारखं वाटतं. हवंच असेल तर फक्त रिव्हर्बच्या रिटर्नवर, म्हणजे घुमण्याच्या वेगळ्या चॅनेलवर, थोडंसं लाव.

आणि पेडल. हे कोणी सांगत नाही. खरा अकॉस्टिक पियानो असेल आणि तू उजवं पेडल दाबून ठेवलंस तर तारा दाबून धरणारे सगळे डॅम्पर उचललेले असतात आणि मॉनिटरमधून येणारी किक त्या तारांना हलवते. म्हणजे तू काहीही वाजवत नसताना तुझा पियानो बेसबरोबर घुमायला लागतो, तेच माइकमध्ये जातं आणि फीडबॅकची तयारी सुरू. मॉनिटर स्पीकर काढून कानात इन-इअर घातले की निम्मं संपतं, बाकी पेडल अर्धं आणि वारंवार बदलत. झाकण छोट्या काठीवर ठेवायचं, माइक आत. एकदा मी उलटं केलं, मुद्दाम पेडल दाबून बसले आणि सिंथला पियानोच्या तारांतून गाऊ दिलं, तो आवाज अजून कुठल्या प्लगइनमध्ये सापडलेला नाही.

मराठी किंवा हिंदी गाणी घेणार असशील तर मींड. पियानोला मींड येत नाही, पोटात सूर ओढायची सोयच नाही त्याला. कितीही ग्रेस नोट घाल, कानाला पायऱ्याच ऐकू येतात. म्हणून चाल मी एका वेळी एकच सूर काढणाऱ्या मोनो सिंथला देते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायचा ग्लाइड लावून, आणि पियानो साथीला बसवते. तरुण पियानोवाल्यांना हे जड जातं कारण आपण मुख्य ना. पण तुझा पियानो मधल्या सप्तकात दोन आवाजांत नीट चालला, बाखसारखा, तर लोक त्याच्याकडेच कान देतात. आर्पेजिओचे पिसारे फुलवू नकोस. ते वेटिंग रूममधलं संगीत होतं.

आता ट्युनिंगचा माझा फजितीचा किस्सा. कोकणात पावसाळ्याच्या शेवटी एका कार्यक्रमाला भाड्याचा अपराइट मिळणार होता, मी खुशीत, खरा पियानो! साऊंडचेकला बसले आणि पहिल्याच कॉर्डला पोटात गोळा. पियानो स्वतःशी सुरात होता पण त्याचा ए होता ४३६ हर्ट्झ आणि माझं सगळं इलेक्ट्रॉनिक ४४० ला. फरक १६ सेंटचा (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो ए दोघांनी एकत्र धरला की सेकंदाला चार हेलकावे. सिंथचं मास्टर ट्यून खाली आणणं दोन मिनिटांचं काम आहे, पण रेकॉर्ड केलेल्या ऑडिओ लूपना ते लागू होत नाही, तेव्हा बसले एकेक क्लिप डिट्यून करत, चाळीसेक क्लिप, आणि बाहेर खुर्च्या मांडणं चालू. आयत्या वेळी अख्खा पियानो चार हर्ट्झने वर घ्यायला कोणी ट्यूनर तयार होत नाही, आणि घेतला तरी तो टिकत नाही. दमट हवेत साऊंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो, कोरड्या हवेत उतरतो, एसी हॉलमध्ये आणून ठेवला की संध्याकाळपर्यंत अजून तिसरंच. तेव्हापासून मी आधी फोन करून कोणालातरी ट्यूनर अ‍ॅपवर मधला ए मोजून पाठवायला सांगते.

पण खरं सांगायचं तर महाराष्ट्रात दहातल्या नऊ ठिकाणी स्टेजवर अकॉस्टिक नसतोच, तू स्टेज पियानोच वाजवणार. ८८ की, वेटेड, एवढं बघ, ब्रँडवर रात्री जागवू नकोस. त्याचा टच कर्व्ह, म्हणजे किती दाबलं की किती आवाज, घरी बसून तुझ्या बोटांना लाव. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि लॅपटॉपच्या बोलीत, व्हेलॉसिटीच्या, म्हणजे बोटाच्या जोराच्या, १२७ च पायऱ्या, आणि कारखान्यातून आलेल्या सेटिंगला तुझा पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू आवाज, बहुतेक वेळा कुठेतरी चाळिशीतच अडकतो. दुसरं, बऱ्याच हॉलचा पीए, म्हणजे लोकांसाठीचे स्पीकर, मोनो असतो आणि पियानोचे स्टीरिओ सॅम्पल मोनोत मिसळले की पोकळ लागतात. साऊंडचेकला फक्त लेफ्ट-मोनोची जॅक लावून ऐक, जास्त भरीव लागलं तर तसंच ठेव. डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मधला डबा, स्वतःचा ने. जनरेटरवर हम आला तर त्यावरचं ग्राउंड लिफ्ट दाबायचं, पण प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितलं तर साफ नाही म्हण, जीव जातो त्यात.

लॅपटॉपला चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस घे, दोन नाही, कारण मेट्रोनोमचा क्लिक तुझ्या कानात जायला हवा आणि लोकांना ऐकू जाता कामा नये. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो, १२८ सॅम्पलचा ठेव, ४८ किलोहर्ट्झला ते पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतं. लोक लेटन्सीच्या, म्हणजे आवाज उशिरा येण्याच्या, नावाने रडतात आणि मॉनिटर तीन मीटरवर ठेवतात, तिथून आवाज यायलाच नऊ मिलिसेकंद लागतात. पियानोचा आवाज मात्र लॅपटॉपमधून काढू नकोस, पियानोचा पियानोतूनच काढ. लॅपटॉप बसला तरी तू वाजवत राहतोस, लोकांना वाटतं असंच बसवलंय. माझ्याबरोबर झालंय, लाइट गेली, जनरेटर लागेपर्यंत सगळं मेलं, आणि त्या दिवशी अकॉस्टिक होता म्हणून मी वाचले.

क्लिप सोडायला फूटस्विच, सॉफ्ट पेडलच्या डावीकडे गॅफर टेपने पक्का चिकटवलेला, कारण घसरला की तू कार्यक्रमभर पायाने त्याला शोधत बसतोस. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये लाँच क्वांटायझेशन, म्हणजे क्लिप किती थांबून सुरू व्हावी ते, ड्रोनसाठी नन ठेव, पल्ससाठी एक बार. अजून एक जुगाड, सगळ्यात खालची ए ची की, मिडीमध्ये नंबर २१, तुझ्या पीसमध्ये सहसा लागत नाही. स्प्लिट करून तिचा पियानोचा आवाज बंद कर आणि तिला पुढचा सीन, म्हणजे क्लिपचा पुढचा संच, लावून दे. लोकांना वाटतं तू बेस वाजवलास. ड्रमवाला मित्र असेल तर यातलं निम्मं विसर, क्लिक त्याच्या कानात दे आणि तू त्याच्याकडे बघ. माणूस मशीनपेक्षा बराच बरा थांबतो.

हक्कांचं पटकन. भारतात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तेव्हा बाख, शोपँ मोकळे. पण त्यांचं कोणाचंतरी रेकॉर्डिंग उचलून सॅम्पल केलंस तर ते मोकळं नाही, स्वतः वाजवून घे, येतं ना तुला. अमेरिकन गायक एरिक कार्मेनने १९७५ मध्ये रखमानिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवरून ऑल बाय मायसेल्फ हे गाणं केलं तेव्हा त्याला वाटलं होतं हे मोकळं आहे, नंतर रखमानिनॉफच्या वारसांना रॉयल्टी द्यावी लागली. आजची पॉप गाणी वाजवणार असशील तर परफॉर्मन्सचं लायसन आयोजकांनी घेतलंय का एवढं विचारून ठेव.

शेवटचं, साऊंडवाल्या दादांना कागद दे. नोटेशन नाही, साध्या मराठीत, कुठे पियानो एकटा, कुठे मशीन वर, कुठे शांतता. आणि शांत जागी पियानो वाढवायचा नाही, मशीन खाली आणायचं, हे अधोरेखित करून लिही. त्या ई मायनर प्रिल्यूडच्या २३ व्या बारमध्ये कॉर्डनंतर एक रेस्ट आहे आणि त्याच्यावर फर्माटा, म्हणजे काहीच वाजत नाही, आणि ते काहीच नसणं जितकं धरता येईल तितकं धरायचं. एका हॉलमध्ये मी छान धरलं होतं, हॉल एकदम गप्प, आणि कन्सोलवरच्या दादांना वाटलं केबल सुटली. त्यांनी फेडर वर ढकलला, एक पोरगा वाकून स्टेजवर पळत आला आणि माझ्या पायाशी जॅक चाचपायला लागला, नेमके तेव्हा मी शेवटचे तीन कॉर्ड वाजवायला हात खाली आणले. पियानिसिमो लिहिलंय तिथे शोपँने. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. तेव्हापासून माझ्या कागदावर २३ समोर लाल पेनाने लिहिलेलं असतं, 'दादा, इथे गॅप आहे, केबल ठीक आहे.'